भाकर तीच, घड्याळ वेगळं: मैदानावर नव्याने उतरणाऱ्यांनी काय खावं, कधी खावं

पहाटे पाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर गेलं की आधी बुटांचा आवाज येतो, मग एखादा खोकला, आणि मग हळूहळू पोरं दिसायला लागतात. निम्म्याहून जास्त पोलीस भरतीवाले, काही सैन्यात जाऊ पाहणारे, खो-खो-कबड्डीच्या मुली, एखाद-दुसरा पैलवान. नवं पोरगं आलं की मी वेळ लावण्याआधी विचारतो, "काल रात्री काय खाल्लं आणि आज उठल्यावर काय घेतलं?" उत्तर ठरलेलं असतं: "रात्री भाकर-भाजी, सर. आता फक्त चहा." आणि हेच पोरगं आठ दिवसांनी विचारतं, "सर, पावडर कोणती घेऊ?"

माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या साध्या घरात जे शिजतं, त्यात धावायला, उडी मारायला, गोळा फेकायला लागणारं जवळपास सगळं असतं. चुकतं ते खाण्याच्या वेळेत आणि वरणाच्या पातळपणात. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. मी डॉक्टर नाही. साखरेचा, किडनीचा किंवा दुसरा कुठला आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली पायरी: तीन दिवसांची वही

काहीही बदलू नका. फक्त तीन दिवस जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहा. चहा, बिस्किट, शेतात तोडून खाल्लेला हरभऱ्याचा डहाळा, सगळं. तीनपैकी एक दिवस सुट्टीचा असू द्या, कारण त्या दिवशी खाण्याची तऱ्हाच वेगळी असते.

एका पोराची वही मी नीट पाहिली. रात्री आठला दोन भाकरी आणि वांग्याचं कालवण. पहाटे पाचला चहा. साडेपाच ते सात धावणं. मग अभ्यासिका. सकाळी अकराला डबा उघडला. म्हणजे रात्री आठपासून अकरापर्यंत पंधरा तास पोटात चहाशिवाय काही नाही, आणि दिवसातली सगळ्यात कष्टाची मेहनत त्याच पंधरा तासांत. "दुसऱ्या फेरीनंतर पाय जड होतात" ही त्याची तक्रार होती. पाय बिचारे काय करतील?

त्याला मी कणगीचं उदाहरण दिलं. आपण खाल्लेली भाकर, भात, गूळ यांची शेवटी साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेन नावाने दोन ठिकाणी राहतो. स्नायू ही कणगी. तयारीतल्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साठा मावतो. यकृत हा स्वयंपाकघरातला डबा, त्यात १०० ग्रॅमच्या आसपास. रात्रभर आपण झोपलेलो असतो तेव्हा मेंदू आणि बाकीचं शरीर या डब्यातूनच खात असतं. पहाटे उठता तेव्हा डबा बराच खाली गेलेला असतो. कणगी शिल्लक असते खरी, पण पायाच्या स्नायूतली साखर पायालाच वापरता येते, रक्तात परत येत नाही. म्हणून डोकं गरगरतं, जीव नको होतो, आणि आपण समजतो की दमच नाही.

दुसरी पायरी: पहाटेचा घास

इथे सगळ्यांचा एकच सूर असतो: "सर, इतक्या पहाटे काही जातच नाही." बरोबर आहे, म्हणून मी ताट मांडायला सांगत नाही. धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळ, किंवा तीन-चार खजूर, किंवा लिंबाएवढा गुळाचा खडा आणि वर ग्लासभर पाणी. एवढ्याने साधारण २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात आणि डब्यात थोडी भर पडते. पहिल्या आठवड्यात अर्धं केळ खा. पोटालाही सराव लागतो आणि पंधरा दिवसांत सवय होते. अगदी अर्ध्या तासाचं हलकं पळणं असेल तर उपाशी गेलात तरी चालेल. जोराच्या फेऱ्या असतील त्या दिवशी मात्र नाही.

सराव सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी असेल तर दीड-दोन तास आधी नीट खाता येतं. त्याला आपल्याकडच्या सुशीलासारखा दुसरा पदार्थ नाही. भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, हळद, वरून लिंबू. पोटाला हलका आणि लवकर पचणारा. फक्त त्यात शेंगदाणे बेतानेच टाका आणि तेलाची धार आवरा. शेंगदाणा वाईट नाही, पण त्यात निम्म्याच्या जवळपास तेल असतं आणि तेलकट घास पोटात रेंगाळतो. हुरड्याचंही तसंच. पौषात शेतावर पोटभर हुरडा खाऊन कुणी संध्याकाळी जोरात पळायला जात असेल, तर त्याच्या मागून धावू नये.

माझी स्वतःची फजिती सांगतो. भरतीच्या दिवशी कुणीतरी कानात सांगितलं म्हणून मी रेषेवर उभं राहण्याआधी ग्लुकोजचं अख्खं पाकीट कोरडंच तोंडात ओतलं, वर दोन घोट पाणी. तिसऱ्या फेरीत बरगडीखाली अशी कळ आली की मी कमरेत वाकलो, आणि उरलेली दीड फेरी जवळजवळ चालत काढली. इतकी दाट साखर एकदम पोटात गेली की ती पुढे सरकत नाही. उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते. तेच ग्लुकोज लिटरभर पाण्यात ६० ते ८० ग्रॅम असं पातळ करून घोटाघोटाने घेतलं तर उपयोगी. आणि खरं तर भरतीतली १६०० मीटरची धाव हा पाच-सहा मिनिटांचा खेळ. त्या पाच मिनिटांसाठी लागणारी साखर आदल्या दिवशीच्या जेवणातून स्नायूंत आलेली असते. तासाभराहून लांब पळणाऱ्याला वाटेत काही लागतं, तेही तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं.

तिसरी पायरी: परतल्यावर तासाभरात

"अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळी मेहनत वाया" असं पोरं मोबाइलवर बघून येतात. इतकं काही नसतं. पण अकरापर्यंत उपाशी बसणं हेही चूकच. मैदानावरून घरी किंवा खोलीवर पोचलात की तासाभरात खा: ग्लासभर दूध, भिजवलेले हरभरे किंवा मोड आलेली मटकी, आणि रात्रीची भाकर असेल तर ती. शिळी भाकर दुधात कुस्करून गूळ घातला की झालं. आजीकडून शिकलेला हा नाष्टा मी अजून खातो. संध्याकाळी पुन्हा सराव असेल तर या जेवणात हात आखडू नका, कारण कणगी भरायला तुमच्याकडे आठ-दहाच तास असतात.

चौथी पायरी: वरण घट्ट करा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. इथे जरा थांबा आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा डबा उघडा.

बसून काम करणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. रोज मैदानावर घाम गाळणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या पोराला मी दीड ग्रॅमच्या हिशोबाने ९० ग्रॅम धरतो. आता डाळ बघा. पाच जणांच्या घरात वरणाला दोन मुठी तूर पडते, म्हणजे फार तर १०० ग्रॅम. माणशी २० ग्रॅम डाळ, त्यात प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आत-बाहेर. वाटीभर वरण प्यायलो असं समाधान होतं, पण वाटीत बहुतेक पाणीच. पळीतून धारेने पडतं ते वरण खेळाडूचं नाही. पळी तिरकी केल्यावर ते थांबून-थांबून पडलं पाहिजे. आईला सांगा, "माझ्या वाटणीची मूठ वेगळी टाक." एवढ्याने एका माणसाचं काम होतं, घरभर खर्च वाढत नाही.

आता ६० किलोच्या पोराचा दिवस मांडतो. ज्वारीच्या चार चांगल्या भाकरी, म्हणजे २८० ग्रॅम पीठ: २८ ग्रॅम प्रथिनं. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ: १३. मटकी किंवा हरभरा ५० ग्रॅम, कोरडा मोजून: ११. अर्धा लिटर दूध: १६. मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे मिळून ५० ग्रॅम: १२. बेरीज झाली ८०. वर दोन अंडी टाका, १२ मिळतात. माळकरी घर असेल तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, १५ मिळतात. नव्वदी पार. एकही डबा विकत न घेता.

पोरं विचारतात, नुसती भाकर वाढवली तर? नाही चालत. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा एक घटक कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते धान्यात असतं. भाकरीबरोबर पिठलं, बाजरीबरोबर मटकी, खिचडीत मूग, ही जोडी जुन्या माणसांनी हिशोब करून नसेल लावली, पण ती बरोबर लागली आहे. आणि हो, सगळी प्रथिनं रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका. एका वेळी २०-२५ ग्रॅम, असं दिवसातून चार वेळा आलं की स्नायू ती नीट वापरतात.

माळकऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांस-अंडी नसतील तर दूध-दही-ताक रोज हवंच. ते होत असूनही हातापायाला मुंग्या, सतत थकवा असं असेल तर रक्त तपासून घ्या.

पाचवी पायरी: दिवस बघून भाकर

लांब पळण्याचा किंवा जोराच्या फेऱ्यांचा दिवस आणि विश्रांतीचा रविवार, दोन्ही दिवशी ताट सारखंच, ही नव्यांची सवय. तासभर कसून मेहनत करणाऱ्याला दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे ६० किलोला ३०० ते ४२० ग्रॅम. एका चांगल्या भाकरीत ती पन्नासेक ग्रॅम असतात. मोठ्या मेहनतीच्या आदल्या रात्री एक भाकर किंवा वाटीभर भात जास्त घ्या, रविवारी तेवढाच कमी. "भात खाल्ला की सुस्ती येते" म्हणून तो सोडणाऱ्यांना मी पहाटेच्या पाचव्या फेरीला भेटतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळाला आणि रुपेरी पदक घेऊन आला. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे असतात. असा वेग सांभाळताना स्नायू मुख्यतः साखरच जाळतात, चरबी तितक्या घाईने जळत नाही. चरबी उतरवायला भाकर-भात बंद करून 'कटिंग' करणाऱ्या धावपटूंनी एवढं लक्षात ठेवावं.

पैलवानांसाठी थोडक्यात: वजन तोडणं हे नवख्याचं काम नाही. पाणी बंद करून, घोंगडी पांघरून घाम काढून उतरवलेलं वजन म्हणजे फक्त पाणी, आणि त्याबरोबर ताकदही जाते. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण घेऊन आला आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. गट बदलल्याने कमीपणा येत नाही.

सहावी पायरी: पाणी, आणि त्यातलं मीठ

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्या दिवसांत किती पाणी प्यावं याला एकच आकडा नाही, कारण प्रत्येकाचा घाम वेगळा. तो मोजायची सोपी रीत आहे. आडतीतला किंवा किराणा दुकानातला काटा शोधा. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. ६० किलोचा माणूस १.२ किलोने उतरला, म्हणजे २ टक्के पाणी गेलं. इथून पुढे वेग आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतं. जितकं वजन उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. लघवीचा रंग पातळ लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर कमी पडतंय.

नुसतं साधं पाणी मात्र ढोसू नका. घामाबरोबर मीठही जातं, आणि वर फक्त पाणीच ओतत गेलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, मळमळतं, डोकं दुखतं. आपल्याकडे उपाय घरात आहे: मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील. खूप घाम गेला असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका.

टँकरचं पाणी असेल तर उकळून घ्या. एकदा पोट बिघडलं की दोन आठवड्यांची तयारी संडासात जाते. उन्हात पळताना कुणी बरळायला लागलं किंवा अंग तापून तोल जायला लागला, तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि तडक दवाखान्यात न्या. शुद्ध नीट नसताना तोंडात काही घालू नका.

सातवी पायरी: मुलींनी रक्त तपासावं

एक खो-खोची मुलगी सहा महिने कसून सराव करत होती. पाठलाग करताना तिसऱ्याच मिनिटाला बसायची. आईचं म्हणणं, "अंगातच नाही तिच्या." हिमोग्लोबिन तपासलं तर ९ च्या खाली. स्त्रियांत ते १२ तरी हवं. रक्तच ऑक्सिजन वाहत नसेल तर सराव वाढवून काय होणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं, म्हणजे ही काही तिच्या एकटीची गोष्ट नव्हती.

डॉक्टरांच्या गोळ्या तिने घेतल्याच, पण घरात दोन बदल केले. जेवणावर लगेच येणारा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहातला टॅनिन लोह शोषू देत नाही. आणि बाजरीची भाकर, मटकी, तिळाची चटणी यांवर लिंबू पिळायला लागली. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. थंडीत हळिवाचे लाडू. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी तिने पूर्वी दप्तरातच साठवली होती, तीही बाहेर आली. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून आपल्याकडे मुली मोठ्या संख्येने मैदानावर दिसतात, असं मला वाटतं. त्यांच्या ताटात शेवटी उरेल ते पडतं, हे मात्र फारसं बदललेलं नाही. भावाच्या भाकरीवर तूप आणि हिच्या वाटीत वरणाचं पाणी, हे आधी थांबवा.

सराव वाढला आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर "बरं झालं, कटकट गेली" असं समजू नका. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय, याची ती खूण असते आणि हाडं त्याची किंमत मोजतात. लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

उपवास, रोजे आणि पावडर

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन जोराच्या फेऱ्या मारू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. दाण्याचं कूट, दही, राजगिरा, दूध यांनी ताट भरा आणि त्या दिवशी हलकं पळा. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असेल तर ते नऊ दिवस वेग वाढवण्याचे नाहीत. रमजानमध्ये माझ्याकडची मुलं इफ्तारच्या आधी थोडं हलकं पळतात, किंवा इफ्तारनंतर दोन तासांनी खरा सराव करतात. सहरीला भाकर, अंडी, दही. आणि रात्री, इफ्तारपासून सहरीपर्यंत, थोडं थोडं पाणी.

पावडरीबद्दल माझं मत कडक आहे. वरच्या पायऱ्या सहा आठवडे पाळल्यावरही प्रथिनं कमी पडत असतील तर विचार करा, आणि तेव्हाही एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, बिल आणि सील बघून घ्या. जिममध्ये सुटी मिळणारी पुडी, 'ताकदीचं' इंजेक्शन, नाव नसलेली गोळी यांना हात लावू नका. स्पर्धेत खेळणाऱ्याच्या अंगात जे सापडतं त्याला तोच जबाबदार असतो, "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

आठवी पायरी: भरतीचा दिवस

नवा पदार्थ नाही, हा पहिला नियम. आदल्या रात्री खिचडी किंवा भात-वरण, तिखट-तेल कमी, आणि झणझणीत काळ्या मसाल्याचं मटण निकालानंतर. गावाहून एसटीने रात्रीच निघावं लागत असेल तर जेवण निघण्याआधी उरका. स्टँडवरचा वडापाव टाळा.

मैदानात नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. १६०० मीटर झाल्यावर गोळाफेक आणि १०० मीटर यांच्यात दोन-तीन तास उन्हात बसावं लागू शकतं. म्हणून पिशवीत असावं: तीन केळी, मूठभर खजूर, साखर-मिठाचं पाणी एक बाटली, साधं पाणी दोन बाटल्या, आणि चार धपाटे. नंबराच्या दीड-दोन तास आधी एखादा धपाटा, शेवटच्या पाऊण तासात फक्त केळ आणि घोटभर पाणी. प्रकार संपले की उरलेले धपाटे. दही बरोबर नेऊ नका. उन्हात ते दुपारपर्यंत आंबतं. शेंगदाण्याची चटणी न्या, कोरडी.